कुत्र्यांचं तोंड हलवायचं की नाही? बोलक्या कुत्र्यांच्या घरगुती सिनेमाबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही चुलत-मावस भावंडं मिळून सोलापुरात वीस मिनिटांचा कौटुंबिक विनोदी सिनेमा करताय. मुख्य पात्रं दोन कुत्री: घरातली पांढरी पॉमेरियन आणि गल्लीतला एक काळा गावठी. दोघं एकमेकांशी बोलतात. पुण्यातल्या एका स्टुडिओनं तोंडं हलवून देण्यासाठी जे कोटेशन दिलं, तेवढ्यात तुमचा अख्खा सिनेमा दोनदा होईल. म्हणून स्वस्तात तोंड कसं हलवायचं, कुठलं ॲप घ्यायचं, आणि तोंड हललंच नाही तर लोक हसतील का, असं तुम्ही विचारलंय. शूटिंग मे महिन्याच्या सुट्टीत करायचा विचार आहे.

मी सोलापुरातच जाहिराती, शॉर्टफिल्म आणि बालनाट्यं करतो. एडिटिंग आणि डबिंग हा पोटापाण्याचा भाग. कुत्री, शेळ्या, एक आडमुठा बैल असे कलाकार कॅमेऱ्यासमोर आणलेत. तेव्हा जे सांगतो ते छोट्या बजेटच्या कामातलं समजा.

ॲपचं नंतर बघू. कुत्रा बोलतोय हे प्रेक्षक कशावरून मानतो, ते आधी ठरवायला हवं. माझ्या अनुभवात तोंडावरून फार कमी. आवाज कोणत्या कुत्र्याचा हे चटकन कळतंय का, त्याचे डोळे-कान त्या वाक्याला साथ देतायत का, कट नेमका कुठे पडलाय, आणि तो जे बोलतोय ते कुत्र्याच्याच डोक्यातलं वाटतंय का, यावर सगळं ठरतं. ही चार कामं जमली तर तोंड बंद असलं तरी चालतं. ती जमली नाहीत तर तोंड कितीही सफाईनं हलवा, प्रेक्षक "हे कसं केलं असेल" याचाच विचार करत बसतो आणि विनोद हातचा जातो.

याला मोठे दाखले आहेत. 'होमवर्ड बाउंड' (१९९३) मध्ये दोन कुत्री आणि एक मांजर डोंगर-नद्या पार करून घर शोधत निघतात. अख्ख्या सिनेमात एकाचंही तोंड संवादाला हलत नाही. मायकेल जे. फॉक्स, सॅली फील्ड आणि डॉन अमिची यांचे आवाज नुसते वरून येतात, आणि पाच मिनिटांत आपण ते विसरून जातो. उलट 'बेब' (१९९५) मध्ये डुकराच्या पिलापासून मेंढपाळ कुत्र्यांपर्यंत सगळ्यांची तोंडं हलतात. त्यासाठी यांत्रिक बाहुल्या आणि कॉम्प्युटर दोन्ही वापरले, आणि व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर त्यांना मिळालं. दोन्ही रस्ते चालतात. तुमच्या खिशाला पहिला परवडतो.

आणि आपल्या माणसांना तर या गोष्टीची सवय जुनी आहे. पैठणच्या रेड्यानं वेद म्हटले हे सांगताना कीर्तनकार रेड्याचं तोंड हलवून दाखवत नाहीत. नामदेवांची गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यातली, पंढरपूरची. कुत्रं भाकरी घेऊन पळतं, आणि कोरडी खाऊ नकोस म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात. कुत्रं अवाक्षर काढत नाही, तरी प्रसंगात दोन पात्रं पुरेपूर उभी राहतात. हा प्रसंग पटकथा म्हणून एकदा नीट बघा: हव्यास कुत्र्याचा, धावपळ माणसाची, आणि गैरसमज दोघांमधला. कौटुंबिक विनोदाला आणखी काय लागतं?

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. सिनेमा नातेवाईक, शाळेचं स्नेहसंमेलन आणि यूट्यूब यांच्यापुरता असेल तर तोंड न हलवता बिनधास्त करा. महोत्सवांत पाठवणार असाल तरी तेच सांगेन. पण प्रेक्षक प्रामुख्यानं चार-पाच वर्षांची मुलं असतील तर थोडं वेगळं: कोणता कुत्रा बोलतोय हे त्यांना पटकन उमगत नाही, म्हणून दोन आवाजांत फरक जास्त ठेवा आणि दोघांना एका फ्रेममध्ये कमी वेळा घ्या. आणि कुत्र्यांचे स्वभाव मी पाहिलेले नाहीत. तुमची पॉमेरियन अनोळखी माणसावर अर्धा तास भुंकणारी असेल, तर पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर ठरेल.

सोयीसाठी पॉमेरियनला राणी आणि गावठ्याला वाघ्या म्हणतो.

सर्वांत महत्त्वाचा सल्ला हा: नेहमीचा क्रम उलटा करा. तुम्ही संवाद लिहून ठेवलेत आणि ते कुत्र्यांकडून "करून घ्यायच्या" तयारीत आहात. त्याऐवजी कथेचा सांगाडा पक्का करा, माणसांचे संवाद पक्के करा, पण कुत्र्यांचे संवाद कच्चेच राहू द्या. कुत्र्यांचं चित्रण करा, मुका रफ कट (म्हणजे शॉटांची आवाजाशिवाय कच्ची जोडणी) लावा, आणि मग त्या कटवर संवाद लिहा. आम्ही तर लॅपटॉप मध्ये ठेवून घरातल्या सगळ्यांना गोळा करतो आणि कट बघत ज्याला जे सुचेल ते बोलायला लावतो. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू असतं. लेखकाला सुचणार नाही असं वाक्य हमखास आत्याबाई किंवा सातवीतला पोरगा टाकून जातो. कारण ते कथेकडे बघत नसतात, कुत्र्याच्या चेहऱ्याकडे बघत असतात.

हे चालतं का, याची एक जुनी परीक्षा आहे. कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा सुपाची वाटी, शवपेटी अशा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक दिसली, दुःख दिसलं. तुम्ही आज संध्याकाळी राणीचा डावीकडे बघतानाचा पाच सेकंदांचा शॉट घ्या. त्याच्यापुढे एकदा ताटातली कडक भाकरी लावा, एकदा डॉक्टरांची बॅग, एकदा गल्लीतून निघालेली बाबांची स्कूटर. तीन वेगळ्या राण्या दिसतील. अजून एक शब्द रेकॉर्ड केलेला नाही, आणि अभिनय झालेला आहे.

म्हणून शूटिंगच्या वेळी संवादांच्या मागे न लागता शॉटांचा साठा करा. दोन्ही कुत्र्यांचं डावीकडे बघणं, उजवीकडे बघणं, वर बघणं, मान तिरकी करणं, कान टवकारणं, हुंगणं, उठून चालू पडणं, येऊन बसणं, पाठ फिरवणं. पाठीचे शॉट भरपूर घ्या. मागून दिसणारा कुत्रा, एक कान किंचित हललेला, समोर गल्ली: अशा शॉटवर अख्खा परिच्छेद बोलता येतो, कारण तोंड दिसतच नाही. आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बोलणाऱ्याच्या चेहऱ्याइतकाच कामाचा असतो. वाघ्या बोलत असताना पडद्यावर राणी ठेवा. वाक्याची सुरुवात पाठीवर किंवा दुसऱ्या कुत्र्यावर करा आणि शेवटचे दोन शब्द संपता संपता बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर या. विनोदाचा टोला बहुतेक वेळा त्या शेवटच्या नजरेत बसतो.

कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. गल्लीत उभं राहून खाली कॅमेरा धरलात तर तो माणसानं कुत्र्याकडे बघितल्याचा सिनेमा होतो. तांदळाची अर्धी पिशवी जमिनीवर ठेवा, वर कॅमेरा, झालं. वाघ्या काळा आहे, म्हणजे त्याचा चेहरा फ्रेममध्ये नुसता डाग दिसणार. थर्माकोलची पांढरी शीट बाजूला धरून त्याच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका पाडा. तो ठिपका नसेल तर काळं कुत्रं मुकं वाटतं, आणि असेल तर काहीतरी मनात चाललंय असं वाटतं. राणीचं उलटं. ती पांढरी, दुपारच्या उन्हात जळून जाते. दोघांना एकत्र घ्यायचं असेल तर सावलीत घ्या आणि एक्सपोजर राणीवर धरा.

डोळ्यांचा एवढा आग्रह उगाच नाही. कुत्र्याला आतली भुवई वर उचलणारा एक स्नायू असतो, आणि लांडग्यांत तो जवळपास नसतोच, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. माणसाच्या सहवासात हा स्नायू टिकला-वाढला असावा, असा त्या अभ्यासकांचा अंदाज. आपल्या कामापुरतं एवढंच घ्या: ती "मी काय केलं?" वाली नजर तुम्हाला फुकट मिळालेली आहे. क्लोजअपमध्ये ती पकडा.

मान तिरकी करायला विचित्र आवाज लागतो. तोंडानं चूंचूं करा, खुळखुळा वाजवा, मोबाईलवर मांजराचा आवाज लावा. पण दोन-तीनदाच. चौथ्यांदा कुत्रा ढुंकूनही बघत नाही. म्हणून आधी कॅमेरा चालू, आवाज नंतर, आणि रिहर्सलमध्ये हा आवाज अजिबात वाजवायचा नाही. सूचना एकाच माणसानं द्यायच्या, तोही लेन्सला खेटून उभा. बाकी सगळे गप्प. आपल्याकडे सेटवर नेमकं उलटं होतं: सात जण सात बाजूंनी "राणी, राणी, इकडे बघ" करत असतात आणि राणी हळूच पलंगाखाली जाते. चेंडू वापरायचा तर निळा घ्या. कुत्र्यांना निळा आणि पिवळा चांगला कळतो. लाल चेंडू आपल्याला हिरवळीवर उठून दिसतो, त्यांना मळकट.

इथे एक धोक्याची गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शूटिंग करताना "अरे वा, बोलल्यासारखंच वाटतंय" असे जे क्षण दिसतात, ते पुष्कळदा ताणाचे असतात. खायला काही नसताना वारंवार ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, ही कुत्र्याची "मला हे नको झालंय" म्हणायची पद्धत आहे. नवखा एडिटर नेमके हेच तुकडे उचलतो, कारण तोंड हलतंय. प्रेक्षकांतला कुत्रा पाळणारा माणूस ते लगेच ओळखतो आणि त्याचं हसू थांबतं. ही लक्षणं दिसली की कॅमेरा बंद, पाणी, सावली, अर्धा तास सुट्टी. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त काम घेऊच नका.

तोंड हलवायची जुनी युक्ती म्हणजे टाळूला चिकटेल असं काहीतरी खायला देणं. सोलापुरात कुणीतरी शहाणा लगेच शेंगा चटणी आणून देईल. अजिबात नाही. तिच्यात लसूण, तिखट, मीठ आहे, आणि लसूण-कांदा कुत्र्यांना विषारी. बाजारातल्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असू शकतो, तो तर त्याहून वाईट. फारच हौस असेल तर नुसते भाजलेले, सोललेले शेंगदाणे खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटा, बाकी काही न घालता, आणि बोटाच्या टोकाएवढं द्या. पण खरं सांगू? त्यातून मिळणारा शॉट खाणाऱ्या कुत्र्याचाच दिसतो. नजर आत वळलेली असते, समोरच्याशी बोलल्यासारखी नसते. मी तो शॉट "राणी जेवताना बोलते" एवढ्या एका गमतीपुरता ठेवेन. धापा टाकणाऱ्या तोंडावरही संवाद बसवू नका. धाप एका लयीत अखंड चालते, बोलणं थांबत थांबत चालतं, आणि तो फरक कानाला लगेच टोचतो.

आता संवाद. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात वाघ्या राजकारणावर टोमणे मारतो आणि राणी मोबाईलच्या व्यसनावर भाषण देते. ते काढून टाका. तो माणसांचा विनोद आहे, कुत्र्यांच्या तोंडी चिकटवलेला. कुत्र्याचे प्रश्न कुत्र्याएवढे ठेवा आणि ते त्याला जिवावरचे वाटू द्या: सावलीची जागा, भाकरीचा तुकडा, गेटखालची फट, स्कूटरवरून जाणारा मालक परत येईल की नाही. तो विनोद करत नाही, पूर्ण गंभीर आहे. हसू येतं ते त्याच्या चुकीच्या समजामुळे. घंटागाडीचं उदाहरण घ्या.

वाघ्या: "आली बघ परत. रोज येते, गल्लीतलं सगळं चांगलंचुंगलं घेऊन जाते."
राणी: "आमच्यात तर डबा भरून स्वतः नेऊन देतात."
वाघ्या: "एवढी माणसं, आणि एक जण भुंकत नाही की!"

यात विनोदी शब्द एकही नाही. वाघ्याला खरोखर अन्याय दिसतोय. असंच गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या आपल्या सिद्धेश्वर यात्रेचं. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तोलत नेतात, ते उंचच उंच ध्वज वाघ्या लांबून बघतो आणि राणीला म्हणतो, "एवढी मोठी काठी, आणि अजून कुणी फेकली नाही." पुढच्या वर्षी तरी फेकतील म्हणून तो दरवर्षी त्याच कोपऱ्यावर येऊन बसतो. श्रद्धेची चेष्टा नाही, कुत्र्याची श्रद्धा आहे. मात्र वाघ्याला खरंच त्या गर्दीत नेऊ नका. गर्दी, वाद्यं, शोभेचं दारूकाम, त्याचा जीव जाईल. मिरवणुकीचे शॉट मिरवणुकीत घ्या, वाघ्याचा वर बघतानाचा शॉट एखाद्या शांत बोळात घ्या. एडिटिंगच्या टेबलावर दोन्ही जोडले की तो यात्रेत आहे. कुलेशोव्हचा फायदा इथेही.

भाषेचं म्हणाल तर सोलापूर तुम्हाला आयतं देऊन ठेवतं. वाघ्याला गल्लीतली बोली द्या: "काय करलालास बे", "थांब की". राणी मात्र दिवसभर आजींबरोबर मालिका बघते, म्हणून तिची मराठी मालिकेतल्या थोरल्या सुनेची: "मला हे अपेक्षित नव्हतं, वाघ्या." एवढ्यानं दोन आवाज आपोआप वेगळे पडतात. शहराच्या पूर्व भागातला एखादा तेलुगू वळणाचा कुत्रा, अक्कलकोटकडचा कन्नड हेल काढणारा म्हातारा कुत्रा, असंही सुचेल. घ्या, पण आवाज त्या घरात वाढलेल्या माणसाचाच घ्या. तेलुगू न येणाऱ्यानं काढलेला तेलुगू हेल चेष्टा होते, आणि प्रेक्षकांतली निम्मी माणसं त्याच घरांतली असतात. हसू त्या कुत्र्याच्या बोलण्याच्या आशयावर यावं.

एक नियम सिनेमाच्या पहिल्या मिनिटात पक्का करा: कुत्र्यांचं बोलणं माणसांना ऐकू येतं का? नाही, हे सर्वांत सोपं आणि माझ्या मते सर्वांत मजेशीर. वाघ्या पोटतिडकीनं काहीतरी समजावतोय आणि आजींना फक्त भुंकणं ऐकू येतंय, असा एकच कट सुरुवातीला दाखवला की पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. घरातल्या धाकट्या मुलीला तेवढं कळतं, ही कल्पना गोड आहे, पण मग ती मुलगी कथेचं केंद्र होते आणि कुत्री मागे पडतात. वीस मिनिटांत मी तो भार घेणार नाही.

आवाजाचं काम बहुतेक लोक शेवटच्या दिवसावर ढकलतात. तुमच्या सिनेमात मात्र अर्धा अभिनय तिथेच आहे. माणसांचे आवाज खोलीच्या, गल्लीच्या घुमण्यासकट ठेवा. कुत्र्यांचे आवाज माईकच्या जवळून, कोरडे, अजिबात न घुमणारे रेकॉर्ड करा. कानाला आपोआप कळतं की हा आवाज वेगळ्या जगातला आहे, आणि हलणारं तोंड शोधायची सवय डोळा सोडून देतो. स्टुडिओची गरज नाही. खोलीत दोऱ्या बांधा, भिंतीपासून हातभर अंतर सोडून सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगा, पायाखाली सतरंजी. पंखा बंद. आसपास यंत्रमाग असतील तर ते बंद असतील ती वेळ गाठा. ती खटखट रेकॉर्डिंगमधून नंतर नीट काढता येत नाही. दोन्ही कलाकारांना एकाच वेळी बोलायला लावा, म्हणजे एकमेकांची वाक्यं तोडणं, मध्येच हुं करणं नैसर्गिक येतं. आणि कॉम्प्युटरवर आवाज बारीक-चिरका करू नका. दोन मिनिटं गंमत वाटते, वीस मिनिटं डोकं उठतं.

राणीचा आवाज बारीक आणि वाघ्याचा भरदार, हे ठरलेलं गणितही मोडून बघा. राणीला एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेचा दमदार आवाज दिलात, तर वाघ्या तिला का घाबरतो हे वेगळं सांगावं लागणार नाही. शिवाय कुत्र्याच्या खऱ्या लिंगाशी आवाज जुळायलाच हवा असंही नाही. 'लॅसी कम होम' (१९४३) या सिनेमात लॅसी ही मादी कुत्री साकारणारा पॅल हा नर होता, आणि प्रेक्षकांचं काही अडलं नाही.

संवादांखाली कुत्र्याचे खरे आवाज हवेतच: श्वास, पट्ट्याची खुळखुळ, शहाबादी फरशीवरची नखं. नखांसाठी हातमोज्याच्या बोटांना पेपर क्लिपा चिकटवा आणि फरशीवर बोटं चालवा. दहा मिनिटांचं काम, पण कुत्रा त्यानं जमिनीवर येतो.

एवढं सगळं करूनही तोंड हलवायचंच असेल, तर त्याबद्दल थोडक्यात. कुत्र्याचं डोकं स्थिर, तोंड मिटलेलं, जबड्यावरून साखळी गेलेली नाही, असा समोरून किंवा थोडा तिरका शॉट लागतो. एडिटरनं खालचा जबडा कापून वेगळा करायचा, डोक्याच्या हालचालीला तो बांधायचा, आणि आत गडद तोंड आणि जीभ भरायची. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती किंवा ब्लेंडर यात हे होतं, पण एकेका शॉटला बरेच तास जातात. प्रत्येक अक्षराला वेगळा आकार द्यायच्या फंदात पडू नका. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटले आणि आ-कारांना जबडा उघडला, एवढंच डोळा तपासतो. एआयची ॲप झपाट्यानं सुधारतायत, पण ती शॉटगणिक कुत्र्याचे दात, मिशा, कधी नाकसुद्धा बदलून टाकतात, आणि क्लोजअपमध्ये ते भीतिदायक दिसतं. आणि हलवायचं ठरलं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलवा. निम्म्या शॉटांत हलतंय आणि निम्म्यांत नाही, हा प्रकार सर्वांत वाईट.

इथवरचं थोडक्यात: सांगाडा लिहा, कुत्र्यांचा साठा चित्रित करा, मुका कट लावा, त्यावर संवाद लिहा, कोरड्या आवाजात डब करा. स्टुडिओचे पैसे वाचतील, त्यातले थोडे चांगला माईक भाड्यानं आणायला घाला.

आता कागदपत्रं, कारण हे तुम्ही विचारलंच नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली प्राण्यांच्या प्रदर्शनाविषयी नोंदणीचे नियम झाले, आणि सिनेमात प्राणी वापरणं त्यात येतं. प्राण्याची नोंदणी, चित्रीकरणाची आगाऊ माहिती, प्राणी काय करणार, किती वेळ, आणि पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला, असं सगळं ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाकडे द्यावं लागतं. त्यांचं मुख्यालय हरियाणात बल्लभगढला आहे. पुढे थिएटरसाठी सेन्सॉरकडे जायची वेळ आली तर हे कागद लागतातच, आणि नंतर मागे जाऊन ते करता येत नाहीत. वाघ्याला मालक नसेल तर अर्जात मालकाच्या रकान्यात काय लिहायचं हे बोर्डाला लेखी विचारून घ्या. दोघांचंही रेबीजचं लसीकरण झालेलं असू द्या, यात चालढकल नको. वाघ्यासाठी डमी कुत्रा शोधणार असाल तर रंगाबरोबर कानही बघा. नसबंदी झालेल्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच असते, आणि एका शॉटमध्ये खाच आहे, दुसऱ्यात नाही, हे पोरं पहिल्यांदा पकडतात.

राहिला मे महिना. तो सोडाच. सोलापुरात मे मध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच तो स्वतःला थंड ठेवतो, आणि पॉमेरियनच्या अंगावर तर भरगच्च केस. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सहन झालं नाही तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. शिवाय सतत धापा टाकणारं कुत्रं चित्रात कामाचं नसतं हे वर सांगितलंच. सुट्टीत माणसांचे प्रसंग घरात उरकून घ्या. कुत्र्यांचं चित्रीकरण डिसेंबरात, सकाळी उन्हं कोवळी असताना किंवा साडेचारनंतर. नंदीध्वजांचे शॉट संक्रांतीला. डबिंग त्यानंतर. मेपासून डिसेंबरपर्यंत रोज दहा मिनिटं एकाच माणसानं वाघ्याला खाऊ देत कॅमेऱ्याजवळ बसवलं तर तो सेटवर ओळखीच्या जागी आल्यासारखा वागेल. नोंदणीचा अर्ज मात्र आत्ताच टाका, त्याला वेळ लागतो.